‘रॅम वाढवणारा’ पेनड्राईव्ह आणि माझे अठराशे रुपये

शाहूपुरीत माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स. कॉम्प्युटर जुना, विंडोज ७, रॅम (चालू कामासाठीची मेमरी) २ जीबी. डिझाईनच्या कोरलड्रॉ प्रोग्रॅमवर डबल क्लिक करायचं आणि समोरच्या टपरीवर जाऊन कटिंग पिऊन यायचं, असा कारभार.

ऐन लग्नसराईत एक पोरगा आला. पाठीला बॅग, गळ्यात कसलंतरी कार्ड. "मामा, ह्यो बूस्टर हाय. लावला की रॅम वाढती बघा. दोनाची सहा जीबी!" ६४ जीबीचा पेनड्राईव्ह, १८०० रुपये.

म्हटलं, आधी दाखव. तो खुर्चीत बसला, एमएसकॉन्फिग ही विंडोजची सेटिंगची खिडकी उघडून भराभर टिका काढल्या, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. मग पेनड्राईव्ह खोचून प्रॉपर्टीजमधलं रेडीबूस्ट चालू केलं. कोरल खरंच पटकन उघडलं. मी गल्ल्यातनं पैसे काढून दिले. पावतीचं नाव नाही.

रेडीबूस्ट खोटं नाही, गोम तिथंच आहे. मायक्रोसॉफ्टनं ते विंडोज व्हिस्टात आणलं. हार्ड डिस्कवर इकडंतिकडं विखुरलेला बारीकसारीक डेटा शोधत फिरण्यात वेळ जातो, म्हणून त्याची नक्कल पेनड्राईव्हवर ठेवायची. रॅम फारच कमी असेल तर थोडा फरक पडतो. पण नक्कल म्हणजे रॅम नव्हे. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये एकदा डोकावलो असतो, तर २ जीबीच दिसली असती. मोठी फाईल सलग वाचायला तर हार्ड डिस्कच बरी. वेग वाढला तो त्या टिकांमुळं. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणारं सतरा प्रकारचं लटांबर त्यानं बंद केलं होतं. पाच मिनिटांचं, फुकटचं काम.

एवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसलो असतो. चार महिन्यांनी एका गिऱ्हाईकाच्या अल्बमचे २० जीबी फोटो आले. पेनड्राईव्हवर जागा पडून आहे म्हणून त्यावर टाकले. कॉपी होताना हूं नाही की चूं नाही. उघडायला गेलो तर सुरुवातीचे नीट, मग एक अर्धा करडा, नवरीच्या कपाळापर्यंतच. त्यापुढचे उघडेचनात. फोटोग्राफरनं कार्ड पुसलं नव्हतं म्हणून अब्रू वाचली.

भाच्यानं पेनड्राईव्ह रिकामा करून एचटूटेस्टडब्ल्यू हा खरी जागा तपासणारा प्रोग्रॅम चालवला. खरी जागा ८ जीबीच्याही आत! आतल्या कंट्रोलर चिपला ‘६४ सांग’ म्हणून पढवलेलं. असे काही पेनड्राईव्ह भरल्यावर जुन्यावरच लिहितात, काही नवं गिळून टाकतात. माझा गिळणारा. पेनड्राईव्हचा फॉरमॅट फॅट३२, त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. म्हणून रेडीबूस्टनं ४ जीबीच घेतले होते, ते खऱ्या जागेत मावले, त्यामुळं आधी बिंग फुटलं नाही.

पोराचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर भाच्यानं काढून दिला, पण तक्रारीला जोडायला बिल कुठाय? म्हणून सांगतो, दारावर आलेल्याकडनं घेऊच नका. दुकानातनं घेतलात तरी पक्कं बिल घ्या आणि काही साठवायच्या आधी ही चाचणी एकदा पूर्ण होऊ द्या. वेळ लागतो, लागू दे.

शेवटी हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी बसवली. गंमत म्हणून परत रेडीबूस्ट उघडलं, तर विंडोजच म्हणालं, कॉम्प्युटर पुरेसा वेगवान आहे, याचा फायदा होणार नाही. त्या पेनड्राईव्हवर मार्करनं ठळक ‘७’ लिहून ठेवलंय. घरात कुणी ६४ समजून वापरायला नको.