नवा पीसी, कधीही येणारा क्रॅश आणि एक खराब रॅम: पाडवा ते दिवाळीचा अनुभव

पाडव्याला घरी नवा पीसी आणला. मी घरून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक आणि श्रावणापासून दिवाळी अंकांची मांडणी. जुन्या मशीनवर मोठी पीडीएफ काढायची म्हणजे तासाची खोटी होती. नवा असेंबल करून घेतला: रायझन ५ ७६००, ३२ जीबी डीडीआर५ रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी, १६-१६ च्या दोन स्टिक म्हणजे पट्ट्या), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, साधं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि विंडोज ११. आता दिवाळी अंकांचा हंगाम याच मशीनवर पार पडलाय. मशीन उत्तम आहे, हे आधीच सांगते. पण सुरुवातीला ते कधीही बंद पडायचं आणि त्याचं कारण सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. असाच त्रास होणाऱ्या कुणाचा तरी वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितेय.

त्रासाला काही ताळतंत्र नव्हतं. दिवसभर फोटोशॉप आणि इनडिझाइन उघडं असलं तरी काही होत नसे, आणि संध्याकाळी नुसती मेल वाचताना विंडोज कोसळल्याचा निळा स्क्रीन येई. कधी मशीन चालू राहायचं, पण क्रोमचा एखादा टॅब कोसळायचा. एकदा ग्राहकाने पाठवलेली फोटोंची झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला मजकूर तपासणीच्या आकड्याशी जुळत नसल्याची सूचना, आली. रीस्टार्ट केल्यावर तीच फाइल, परत डाउनलोड न करता, नीट उघडली. म्हणजे डिस्कवरची फाइल धड होती, बिघाड वाटेत कुठेतरी होत होता. आज मागे वळून पाहताना वाटतं, सगळ्यात बोलका पुरावा हाच होता.

एप्रिल-मे असल्यामुळे घरात सगळ्यांचा पहिला संशय उन्हावर. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहिलं. मोठ्या फाइलचं एक्स्पोर्ट चालू असतानाही प्रोसेसर सत्तरीच्या आसपास होता, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. शिवाय क्रॅश यायचे ते बहुतेक हलक्या कामात. उष्णतेचा प्रश्न तिथेच मिटला.

मग वीज. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद असायची. त्यातला ‘पॉवर’ शब्द वाचून जो तो एसएमपीएस बदला म्हणायचा. यावर जरा थांबून सांगते, कारण भले भले इथे चकतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते त्यावरून कळत नाही. नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘बगचेककोड’ बघायचा. तिथे ० असेल तर वीज तुटणं, एसएमपीएस किंवा मशीन जागच्या जागी गोठणं यांचा विचार आधी करावा. आकडा असेल तर निळा स्क्रीन येऊन गेलाय आणि तो आकडा त्याचा क्रमांक आहे. माझ्याकडे कधी २६ होता, म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ८०, म्हणजे ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तर कधी १०, म्हणजे ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर बहुधा तीच एरर आणि त्याच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येतं. दर वेळी वेगळी एरर आणि वेगळंच नाव येत असेल, तर रॅम आधी तपासावी.

दुकानात फोन केला तर उत्तर ठरलेलं: “मॅडम, विंडोज करप्ट झालीय, आणा, फॉरमॅट मारून देतो.” मी नाही म्हटलं. रॅमच खराब असेल तर नवं विंडोजही त्याच रॅममधून जाऊन डिस्कवर बसणार.

विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, ते म्हणालं सगळं ठीक. त्यावर थांबू नका. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर टाकलं (फुकट मिळणारी आवृत्ती पुरते), त्यावरून मशीन बूट केलं आणि रात्रभर चालू ठेवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली होती. रॅममध्ये जे लिहिलं आणि जे परत वाचलं, ते जुळत नव्हतं.

तरीही लगेच स्टिक खराब म्हणता येत नाही. माझी रॅम ६००० ची, पण तो वेग बायोसमधलं (मदरबोर्डच्या सेटिंगमधलं) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग, चालू केल्यावर मिळतो. या प्रोसेसरला दोन स्टिक लावल्यावर एएमडीचा अधिकृत वेग ५२०० पर्यंतच आहे. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. म्हणून एक्स्पो बंद केलं. रॅम ४८०० वर आली, एरर कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासली. एक स्वच्छ निघाली. दुसरी त्या स्लॉटमध्येही एरर देत होती आणि शेजारच्या स्लॉटमध्येही. स्टिक खराब, मदरबोर्ड ठीक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायचं, एवढं पथ्य पाळलं की गोंधळ होत नाही.

एरर दिसणाऱ्या स्क्रीनचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि पक्कं बिल होतं, म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये वाद झाला नाही. जोडीने विकलेली रॅम जोडीनेच परत द्यायची असते, त्यामुळे चांगली स्टिकही गेली आणि नवी जोडी येईपर्यंत जुन्या मशीनवर काम रेटावं लागलं. याचा मला मनापासून राग आहे. नव्या मशीनची रॅम रात्रभर तपासूनच ते ग्राहकाला द्यायला हवं. दुकानदाराला त्यासाठी एक पेनड्राइव्ह लागतो, बाकी काही नाही.

नवी जोडी बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळाच राहिला. डीडीआर५ मध्ये हे होतं, बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. त्यानंतर मेमटेस्ट एक्स्पोसकट निर्दोष पार पडली आणि आजतागायत एकही क्रॅश नाही. दोनशे पानी अंकाची छपाईची पीडीएफ चहा होईस्तोवर तयार असते.

एक काम मात्र विसरू नका. खराब रॅम नुसती मशीन बंद पाडत नाही, फाइल कॉपी होताना त्यातला एखादा अंश गुपचूप बदलूही शकते. मी जुन्या डिस्कवरचे सगळे अंक आणि घरचे फोटो याच काळात नव्या एसएसडीवर आणले होते. ‘सर्टयुटिल’ या विंडोजच्या आज्ञेने दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) जुळवले. थोड्या फाइली जुळल्या नाहीत. त्यांत लग्नाच्या अल्बममधला एक फोटो अर्ध्यापासून खाली करडा दिसत होता. जुनी डिस्क पुसली नव्हती, म्हणून त्या सगळ्या पुन्हा आणता आल्या. तुमचीही रॅम बदलली गेली असेल, तर हॅश जुळेपर्यंत जुनी डिस्क कुणाला देऊ नका.