रुंद पायांसाठी पावसाळी बूट: कीन टार्गी

माझा पंजा रुंद आहे आणि टाच व करंगळी यांवर फोड लवकर येतात, त्यामुळे पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायचे म्हटले की पहिली चिंता बुटांचीच असते. आधीचे बूट लांबीला बरोबर होते, पण पुढे निमुळते असल्याने लोणावळ्याहून राजमाची गाठेपर्यंत दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्या होत्या. मोठा नंबर घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मग टाच आत सरकते आणि ओल्या, मऊ झालेल्या कातडीवर घर्षण होऊन तिथेच फोड उठतो.

कीन या कंपनीच्या टार्गी बुटाचा पुढचा भाग मुळातच ऐसपैस आहे आणि पुरुषांसाठी हा बूट २ई या अधिक रुंद मापातही मिळतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालूनच मी माप घेतले. बोटे मोकळी राहिली आणि टाचही घट्ट बसली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आतील जलरोधक पडद्यामुळे चिखलात व ओल्या गवतात पाय कोरडे राहिले. मात्र ओढा ओलांडताना घोट्यावरून पाणी आत शिरले, तर असा कोणताही बूट लवकर वाळत नाही. म्हणून लोकरी मोज्यांचा दुसरा जोड सोबत ठेवावा आणि टाच चुरचुरू लागताच, फोड येण्यापूर्वीच, तिथे चिकटपट्टी लावावी.