सकाई कुठे गेली? 'बॅबिलॉन ५'च्या नवव्या कादंबरीसोबत आठ महिने

परवा रात्री पुस्तकाची बांधणी सुटली, म्हणून हे लिहायला बसले. मधली अठरा-वीस पानं एका गठ्ठ्याने हातात आली आणि कण्यातल्या सुकलेल्या डिंकाचे पिवळे खडे मांडीवर सांडले. आठ महिन्यांत हे पुस्तक तीनदा वाचून झालंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच अभिप्राय लिहायला घेतला होता, आणि तो चांगला तिखट होता. पाठवला नाही, बरं झालं. आता माझं मत तेच राहिलेलं नाही.

पुस्तक म्हणजे 'टू ड्रीम इन द सिटी ऑफ सॉरोज', लेखिका कॅथरिन एम. ड्रेनन, प्रकाशन १९९७. अंतराळस्थानकावर घडणाऱ्या 'बॅबिलॉन ५' या टीव्ही मालिकेवर डेल या प्रकाशन संस्थेने काढलेल्या नऊ कादंबऱ्यांमधली शेवटची. मालिका तुम्ही पाहिली आहे असं धरून पुढे लिहिते. पाहिली नसेल तर इथेच थांबा, कारण पुढे सगळी रहस्यं फुटणार आहेत.

आधी खरेदीचं सांगते, कारण त्यातच डोकं फिरलं होतं. मी जुनी प्रत शोधत होते. जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडे सापडली, 'स्थिती उत्तम' असं लिहिलेलं. पार्सल उघडते तर आत नवव्याऐवजी आठवा भाग! तक्रार केली तर फोटो मागितले, ते पाठवले. मग उत्तर आलं की मालिका तीच आहे, तर हाच ठेवून घ्या. म्हणजे औषधाच्या दुकानात खोकल्याचं मागितलं आणि पोटदुखीचं दिलं, तर बाटलीवर कंपनी तीच आहे म्हणून प्यायचं का? तीन आठवडे पत्रापत्री केली. पुस्तकाच्या किमतीचे पैसे परत आले, टपालखर्च बुडाला, आणि टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होता. दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा मागवलं. तेही 'उत्तम'च होतं आणि त्याच्या कण्यावर उभी पांढरी भेग होती. सांगायचं इतकंच की जुनी टाय-इन (मालिकेवर बेतलेली) कादंबरी मागवताना क्रमांक, लेखक आणि मुखपृष्ठाचा फोटो असं तिन्ही मागून घ्या. 'उत्तम' या शब्दावर जाऊ नका.

एवढा खटाटोप नवव्याच भागासाठी का? कारण मला एका बाईचा पत्ता हवा होता. कॅथरीन सकाईचा.

आठवून बघा. पहिल्या पर्वात ती तीन भागांत दिसते, स्थानकाचा कमांडर सिंक्लेअर याची जुनी मैत्रीण म्हणून. अकादमीपासूनची ओळख, दर काही वर्षांनी एकत्र यायचं आणि पुन्हा भांडून वेगळं व्हायचं. ग्रहांचं सर्वेक्षण करणारी, एकटीने यान चालवणारी बाई. सिग्मा ९५७ पाशी एक अजस्र काहीतरी तिच्या यानाजवळून निघून जातं आणि ती मरता मरता वाचते. ते काय होतं असं विचारल्यावर स्थानकावरचा परग्रही राजदूत जी'कार तिला बोटावर मुंगी घेऊन समजावतो. मी ही मुंगी उचलून पुन्हा खाली ठेवली आणि दुसऱ्या मुंगीने हिला विचारलं, काय होतं ते, तर ही काय सांगणार? 'बॅबिलॉन ५'बद्दल कुणी विचारलं तर मी आजही हा प्रसंग सांगते, आणि त्यात समोर उभी असलेली व्यक्ती सकाई आहे हे लोक विसरलेले असतात. पर्वाच्या शेवटच्या भागात सिंक्लेअर तिला लग्नाची मागणी घालतो, ती हो म्हणते. त्याच भागात पृथ्वीचा राष्ट्राध्यक्ष सँटियागो मारला जातो, सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डीच्या पाठीत गोळी बसते, मिनबारी राजदूत डेलेन कोशात जाते. दुसरं पर्व सुरू होतं तर स्थानकावर नवा कमांडर शेरिडन. सिंक्लेअर मिनबारवर, म्हणजे मिनबारींच्या ग्रहावर, राजदूत म्हणून गेला एवढं तरी सांगतात. सकाईबद्दल एक वाक्य नाही. लग्न ठरलेली बाई गेली कुठे, कुणी विचारतही नाही.

धाकट्या भावाने आणि मी ही मालिका एकत्र पाहिली. तेव्हापासून मला हा प्रश्न सलतोय. भाऊ म्हणायचा, "ताई, नट बदलला की त्याच्याभोवतीचं सगळं बदलतं, सोडून दे." मी सोडलं नाही.

या कादंबरीने ती रिकामी जागा भरली आहे. सिंक्लेअरला अचानक पृथ्वीवर बोलावून घेतलं जातं, तिथून मिनबारवर पाठवलं जातं, आणि ज्या लोकांनी दहा वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ संपवली होती त्यांच्यात तो एकटा पडतो. मग रेंजर्स या गुप्त दलाचं नेतृत्व त्याच्या गळ्यात येतं. सकाई त्याला शोधत मिनबारला पोहोचते आणि स्वतः रेंजर होते. दुसरीकडे मार्कस कोल, ज्याला या भानगडीत पडायचंच नसतं. त्याचा धाकटा भाऊ विल्यम रेंजर होऊन अरिसियाच्या खाणीवर त्याला समजवायला येतो आणि सावल्या ('शॅडोज') या शत्रुवंशाच्या हल्ल्यात मारला जातो. मग मार्कस भावाच्या जागी उभा राहतो. तिसऱ्या पर्वात मार्कस पहिल्यांदा येतो तेव्हा तो विनोद करत असला तरी आतून पोखरलेला वाटतो ना, त्याचं मूळ इथे आहे. मार्कसची पानं पुस्तकात सगळ्यात सहज वाचली जातात. त्यावर जास्त लिहीत नाही, ती कुणालाही आवडतील.

आता माझी मूळ तक्रार. शेवटाकडे सेक्टर १४ मधल्या कालभेगेत सकाईचं यान ओढलं जातं, आणि लेखिका तिला तिथेच सोडते. मेली का जगली, कुठल्या काळात पोहोचली, काही नाही. पहिल्या वाचनात मी पुस्तक मिटून आपटलंच. मालिकेने तिला न सांगता गायब केलं, आणि पुस्तकाने सांगून गायब केलं. दोनदा टपालखर्च भरून हाती काय लागलं, तर पुन्हा तोच प्रश्न. न पाठवलेल्या अभिप्रायात मी लिहिलं होतं की बाईला एकदा गाळून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा गाळली. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तिला शोधायचं काम सिंक्लेअरचं आहे, पुस्तकाचं नाही." मला ते पटलं नव्हतं.

मत बदललं ते तिसऱ्या महिन्यात. सहज तिसऱ्या पर्वातले 'वॉर विदाउट एंड'चे दोन्ही भाग पुन्हा लावले. मिनबारवर सिंक्लेअरच्या हातात नऊशे वर्षांपूर्वीची पेटी येते, आत त्याच्याच अक्षरातलं पत्र. मग तो बॅबिलॉन ४ हे आधीचं स्थानक घेऊन हजार वर्षं मागे निघून जातो, परत न येण्यासाठी. हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला होता आणि प्रत्येक वेळी मला तो कर्तव्यापोटी केलेला त्याग वाटायचा. या वेळी बघताना एकदम जाणवलं की ही सगळी मोहीम सेक्टर १४ मध्ये घडते. ज्या फटीत सकाई हरवली, तिथेच तो स्वतःहून शिरतोय. त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता आहे ती निरोप घेणाऱ्याची वाटेना, कुणीतरी पुढे गेलंय आणि आपण मागून निघालोय, अशी वाटली. पडद्यावर तिचं नाव निघत नाही, पण पुस्तक वाचलेल्याला ते सारखं ऐकू येतं. ड्रेननने तिचा शेवट लिहिला असता तर हे झालं नसतं. दार उघडं ठेवलं म्हणून मालिकेतला तो प्रसंग आतून उजळला. लेखिकेला हे करणं किती अवघड गेलं असेल! पुढे-मागे सगळं चित्रित होऊन गेलेलं, एक खिळासुद्धा हलवता येत नाही, आणि तरी त्यात एका माणसाला मनासारखं वागू द्यायचं.

मालिकेचे निर्माते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी ही कादंबरी मालिकेच्या अधिकृत कथेचा भाग मानली आहे. ड्रेनन तेव्हा त्यांच्या पत्नी होत्या, म्हणून घरचा वशिला असं म्हणणारे भेटतात. हे मला अजिबात मान्य नाही. पहिल्या पर्वातला गोदी कामगारांच्या संपाचा भाग, 'बाय एनी मीन्स नेसेसरी', तो ड्रेनननेच लिहिलाय. संप कुठल्याही मार्गाने मोडा असा अधिकार देणारा कायदा सिंक्लेअरच्या हातात ठेवला जातो, आणि तो त्याच कायद्याचा आधार घेऊन लष्करी तरतुदीतले पैसे कामगारांकडे वळवतो. 'कुठल्याही मार्गाने' हे शब्द त्याने अक्षरशः घेतले. सिंक्लेअरची नस या बाईला त्या भागातच सापडली होती. नियम मोडायचा नाही, नियमाच्या पोटात शिरून त्याला आपल्या बाजूने वळवायचं. पुस्तकातला मिनबारवरचा सिंक्लेअर असाच वागतो. राजदूत म्हणून नुसतं शोभेला बसवलेला माणूस हळूहळू त्या खुर्चीतून काम काढून घेतो. इतर टाय-इन कादंबऱ्यांमध्ये पात्रं नावाने ओळखावी लागतात. इथे दोन वाक्यांत आवाज ओळखू येतो.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे तिसरं वाचन पहिल्या दोनांपेक्षा जड गेलं. सिंक्लेअरची भूमिका करणारे मायकल ओ'हेअर पहिल्या पर्वानंतर मालिका सोडून गेले. का गेले याबद्दल कितीतरी वर्षं नाही नाही त्या वावड्या उठल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये ते गेले, आणि २०१३ मध्ये स्ट्रॅझिन्स्कींनी सांगितलं की पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणातच ओ'हेअर यांना गंभीर मानसिक आजार होता, भास होत होते, आणि त्या अवस्थेत त्यांनी पर्व पूर्ण केलं. ही गोष्ट मरेपर्यंत गुप्त ठेवीन असं स्ट्रॅझिन्स्कींनी वचन दिलं होतं. पण आपल्यामागे ती लोकांना कळावी, इतरांना तिचा उपयोग व्हावा, ही ओ'हेअर यांचीच इच्छा होती.

हे मला आधीपासून माहीत होतं, पण पुस्तकाशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता. तिसऱ्या वेळी वाचताना सिंक्लेअर मिनबारी खोलीत एकटा बसलाय, कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही, डोक्यात युद्धातली हरवलेली आठवण आहे, आणि तरी सकाळी उठून काम करतोय, या पानांवर मी थांबत थांबत गेले. प्रत्येक संवाद मला ओ'हेअर यांच्या खालच्या, जपून टाकलेल्या आवाजात ऐकू येत होता. 'लाकडी अभिनय' म्हणून ज्यांनी त्यांची टर उडवली त्यांच्यात एके काळी मीही होते. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

उणिवा आहेतच. मिनबारी राजकारण पहिल्या भागात फार लांबलंय. पुरोहित जात आणि योद्धा जात यांचे रुसवेफुगवे दोन बैठकांत कळतात, पुढच्या बैठका मी दुसऱ्या वाचनापासून भराभर उलटते. डीसी कॉमिक्सच्या १९९५ सालच्या पहिल्या चार अंकांमध्ये आलेलं कथानक इथे सामावून घेतलंय. ते अंक न वाचणाऱ्याला मध्येच कुणीतरी दुसरीच गोष्ट सांगायला लागल्यासारखं होतं. शिवाय सकाईला रेंजर झाल्यावर अजून जागा हवी होती. इथे माझी तक्रार कायम आहे. एकटीने यान चालवणाऱ्या बाईला रेंजर्सच्या शिस्तीत बसताना काय खुपलं असेल, हे मला पानंच्या पानं वाचायला आवडलं असतं. तिला रेंजर केलं यावर मी खूश आहे, पण ती रेंजर होताना मला पुरेशी दिसली नाही.

कधी वाचावं? मालिकेचं तिसरं पर्व निम्मं होण्याआधी हात लावू नका. 'वॉर विदाउट एंड' एकदा पाहून घ्या, मग हे वाचा, आणि लगेच ते दोन भाग पुन्हा पाहा. मी मधे तीन महिने घालवले, तुम्ही घालवू नका. आधीच्या आठांपैकी सातवं, जीन कॅव्हेलॉस यांचं 'द शॅडो विदिन' तेवढं मिळालं तर घ्या, त्यात शेरिडनच्या बायकोचं काय झालं ते आहे. चुकून आलेलं आठवं मी वाचलं. पुन्हा काढलं नाही.

बांधणीचं मीच केलं. सुटलेली पानं क्रमाने लावली, कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या, कण्यातला जुना डिंक बोथट सुरीने खरवडून काढला. पांढऱ्या डिंकाचा पातळ हात ब्रशने दिला, पानं बसवली, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा कागद घालून वर शब्दकोश ठेवले. रात्रभर तसंच राहू दिलं. एक पान केसभर बाहेर राहिलंय, मार्कस आणि विल्यमच्या बोलण्याचं. पुन्हा उकलून सरळ करता येईल, पण कागद आता इतका ठिसूळ आहे की हात लावायची भीती वाटते.

भाऊ काल ते मागत होता. त्याने अजून वाचलेलं नाही, माझ्याकडून नुसतं ऐकलंय. पुस्तक देणार आहे, पण ते पूर्ण उघडून पालथं ठेवायचं नाही असं सांगून. आणि सकाईचं शेवटचं प्रकरण झालं की मला फोन करायचा, कितीही वाजलेले असोत.