वीस फुटी की चाळीस फुटी कंटेनर?

चाळीस फुटी कंटेनरमध्ये दुप्पट वजन मावेल, असं अनेकजण धरून चालतात. जागा दुप्पट मिळते हे खरं: वीस फुटीत सुमारे 33 घनमीटर, चाळीस फुटीत सुमारे 67. पण दोघांचीही एकूण वजनमर्यादा बहुधा 30.48 टनच असते, आणि चाळीस फुटीचं रिकामं वजन दीडेक टनाने जास्त. म्हणजे माल उलट कमीच भरता येतो! त्यामुळे फरशी, लोखंड, धान्य असा जड माल वीस फुटीतच घालावा. कापूस, फर्निचर, प्लॅस्टिकच्या वस्तूंना चाळीस फुटी बरा. त्यातही एक फूट जास्त उंचीचा हाय क्यूब मिळाला तर तोच घ्या. रस्त्यावरची वजनमर्यादा मात्र आधी तपासा, ती बरेचदा याहून कमी असते.