यूके स्पाऊस व्हिसा एक्सटेन्शन: वकील न लावता स्वतः भरला, त्याचा अनुभव

आला एकदाचा व्हिसा! जून २०२५ मध्ये अर्ज टाकला होता, सातव्या आठवड्यात मेल आला. मी लग्नानंतर ऑक्टोबर २०२२ ला इकडे आले, बाहेरून येताना पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो, तो संपायच्या आत पुढचा ३० महिन्यांचा घ्यायचा आणि मग पाच वर्षं भरली की आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. वकिलांनी हजार-बाराशे पाउंड सांगितले म्हणून आम्ही दोघांनी बसून स्वतःच भरला, आणि ज्यांचं प्रकरण सरळ आहे (एकच नोकरी, पगार बँकेत, एकत्र राहणं) त्यांना मी हेच सांगेन की स्वतः भरा.

ऑनलाइन फॉर्म चांगला आहे, खरंच. अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशी उघडता येतो, प्रश्न सोप्या भाषेत आहेत, आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या.

पैशाचं मात्र पोटात गोळा आणणारं आहे. आम्ही जून २०२५ मध्ये भरला तेव्हा फी १,३२१ पाउंड होती, वर हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) वर्षाला १,०३५ प्रमाणे अडीच वर्षांचा २,५८७.५०, बेरीज ३,९०८.५० म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या आसपास, आणि सगळे एकदम भरावे लागले. आम्ही दोघंही नोकरी करतो, दोघांच्याही पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो, तरी दवाखान्यासाठी परत वेगळे पैसे, हे मला पटत नाही. उत्पन्नाची अट हल्ली वर्षाला २९,००० पाउंड आहे पण ज्यांचा पहिला व्हिसा ११ एप्रिल २०२४ च्या आधीचा आणि जोडीदार तोच, त्यांना जुनी १८,६०० चीच लागते, हे माहीत नसल्यामुळे माझी एक मैत्रीण महिनाभर नीट झोपली नव्हती म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. पत्रं!! तुम्ही दोघं एकत्र राहताय हे दाखवायला कमीत कमी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली सहा पत्रं लागतात, दोघांच्या नावाने असलेली, आणि दोघांची वेगवेगळी असतील तर दोघांची सहा-सहा, एकाच पत्त्यावरची, आणि सगळी एकाच महिन्यातली नाहीत तर दोन-अडीच वर्षांत पसरलेली. आणि आपल्याकडे कसं असतं, मी यायच्या आधीपासून घर नवऱ्याने घेतलेलं, लाइट, गॅस, पाणी, इंटरनेट सगळं त्याच्या नावावर, आपण आलो की कोणी म्हणतच नाही की तुझं नाव घाल. मी एप्रिलमध्ये फाइल काढून जमिनीवर पत्रं मांडली तर त्याचा ढीग हा एवढा आणि माझी फक्त चार, त्यातली दोन एकाच बँकेची. अडीच वर्षं मी ह्या घरात राहतेय, रोज इथे स्वयंपाक करतेय, आणि कागदावर मी नाहीच, फार वाईट वाटलं त्या दिवशी.

वाचवलं कशाने तर पोल कार्डने, म्हणजे निवडणुकीआधी मतदाराच्या नावाने घरी येणाऱ्या कार्डाने. आपण भारतीय म्हणजे कॉमनवेल्थ नागरिक, व्हिसावर असलो तरी इथे मतदार यादीत नाव घालता येतं आणि मत देता येतं. शेजारच्या काकूंनी आल्या आल्या माझ्याकडून नोंदणी करून घेतली होती, आणि ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीचं माझ्या नावाचं कार्ड मी आठवण म्हणून मसाल्याच्या कपाटाच्या दारावर लावून ठेवलेलं, कोपऱ्याला हळदीचा डाग पडलेला. तेच स्कॅन करून लावलं. बाकी जीपीचं (नेहमीच्या डॉक्टरचं) पत्र, दाताच्या दवाखान्याचं, एचएमआरसीचं (टॅक्स खात्याचं) असं करत सहा भरली. तर ज्या नवीन आल्यात त्यांनी पहिल्याच महिन्यात काउन्सिल टॅक्सच्या (घरासाठी स्थानिक पालिकेला द्यायच्या कराच्या) बिलावर नाव घालून घ्या, मतदार नोंदणी करा, आणि सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तेच द्या. मी जीपीकडे सासरचं आडनाव दिलं होतं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा, मग त्याचं स्पष्टीकरण आणि मॅरेज सर्टिफिकेट जोडत बसावं लागलं.

मध्ये घाबरून आम्ही एका कन्सल्टन्सीकडून दीडशे पाउंड देऊन कागद तपासून घेतले. नाव लिहीत नाही. सरकारी वेबसाइटवरचीच यादी परत पाठवली आणि माझी पत्रं कमी आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. एक स्टार.

इंग्रजीची परीक्षा ए२ पातळीची लागते, फक्त बोलणं आणि ऐकणं, ट्रिनिटी ह्या संस्थेची ग्रेड ३ ची परीक्षा सात मिनिटांत संपते. पण अजून दिली नसेल तर सरळ त्याच्या वरच्या पातळीची बी१ द्या, ती ह्या एक्सटेन्शनलाही चालते.

बायोमेट्रिकच्या सेंटरला मात्र पाच स्टार. कागद आधीच घरून अपलोड केले होते. माझ्या बोटांचे ठसे उमटेनात, भांडी घासून आणि इथल्या कोरड्या हवेने कातडी सोलवटलेली, तिथल्या बाईंनी क्रीम लावायला दिलं, दोन मिनिटं थांबल्या, एकेक बोट हलक्या हाताने दाबून घेतलं आणि म्हणाल्या काळजी करू नकोस, होतं असं. परक्या देशात ऑफिसमध्ये कोणी असं बोललं की बरं वाटतं.

अर्ज मुदतीच्या आत टाकला की निकाल येईपर्यंत जुना व्हिसा चालूच धरतात, नोकरीला अडचण येत नाही. पण तोवर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, अर्ज मागे घेतला असं धरतात आणि भलतंच होऊन बसतं. माझ्या मावसबहिणीचं लग्न साताऱ्याला त्याच काळात होतं, मी व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकल्या. तिकिटं काढायच्या आधी तारखा बघा. आणि फार घाई करून महिनोन्‌महिने आधीही अर्ज टाकू नका, शेवटी पाच वर्षांना दिवस कमी पडू शकतात, शेवटचे २८ दिवस हे बरोबर आहे.

नवऱ्याचा स्वतःचा धंदा असेल, मध्ये नोकरी गेली असेल किंवा आधी कधी रिजेक्शन असेल तर मात्र स्वतः करू नका, चांगला सॉलिसिटर गाठा, तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.