फ्लेक्स प्रिंटिंग एक नंबर, पण प्रूफ बघितल्याशिवाय ओके म्हणू नका (लातूर)

गंजगोलाईच्या मागच्या बाजूचं फ्लेक्सचं दुकान. 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा बॅनर आम्ही इथूनच केला. प्रिंट खरंच झकास, फोटो फाटत नाही, रिंगा नीट मारलेल्या, दर वाजवी आणि सकाळी सांगितलं की संध्याकाळी हातात.

अडचण डिझाइनला आहे. आम्ही मधोमध मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो सांगितला होता, अन् प्रूफ आलं तर वर हात जोडलेले साहेब, म्हणजे इथले नेते, भले मोठे, आणि स्वामीजी खाली कोपऱ्यात पासपोर्ट साइज! विचारलं तर ऑपरेटर म्हणला, "सर, साहेब नसले की पोरं रात्रीतून फाडतेत, मग लोक आम्हालाच बोलतेत." त्याच्याकडं कार्यसम्राट, विकासपुरुष, भावी मंत्री असं सगळं तयारच आहे, एका नेत्याचं काढून तेच दुसऱ्याला चिकटवताना मी समोर बसून बघितलं. शेजारी दोन कार्यकर्ते शुभेच्छुकात कुणाचा फोटो साहेबाच्या जवळ यावरून भांडायलेले. वाईट याचं वाटतं की यातला एकजण पण साहेबाला तोंडावर सांगणार नाही की आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळ येत नाही. ज्या शहराला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या नेत्याच्या कानावर हे पडायलाच पाहिजे, पण तो चौकात उतरला की चारी बाजूनं त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो आणि सोबतचे सगळे हो ला हो करणारे, मग त्याला कळणार कसं?

एका माणसापुढं मान तुकवायची नाही म्हणून तर आपल्याकडचे लोक निजामाशी लढले. आणि बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत स्पष्ट सांगितलं होतं की धर्मातली भक्ती मुक्तीकडं नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडंच नेते. त्यांच्याच जयंतीच्या बॅनरवर पण नेता मोठा आणि बाबासाहेब लहान, हे बघवत नाही हो.

आम्ही अडूनच बसलो तेव्हा मालकांनी स्वतः साहेबांचा फोटो काढून दिला, जास्तीचे पैसे पण लावले नाहीत. बॅनर कार्यक्रम होईपर्यंत चौकात होता, कुणी हात लावला नाही. मालकांना विनंती आहे, गिऱ्हाईकानं सांगितल्याशिवाय कुणाचाच फोटो टाकत जाऊ नका.

प्रिंटिंगला पाच स्टार, डिझाइनला दोन. जाणार असाल तर डिझाइन पेन ड्राइव्हमध्ये घरूनच घेऊन जा.