नुसतं भयंकर चित्र की चित्राखाली मदतीचा नंबरही?

सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याच्या चित्रातला सडलेला जबडा पाहून ओढणारा दचकतो, हे खरं. पण पुढे काय? सोडणं आपल्याला जमेल असा भरवसा नसेल, तर मन धोका टाळण्याऐवजी भीतीच आवरायला लागतं: चित्रावर अंगठा ठेवायचा, पाकीट पालथं टाकायचं, 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते' म्हणायचं. संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ मध्ये भीती दाखवणाऱ्या संदेशांबद्दल मांडलेलं प्रारूप नेमकं हेच सांगतं. (अर्थात चित्र झाकलं म्हणजे ते डोक्यातून गेलं असं नाही.)

त्याच चित्राखाली हेल्पलाइनचा ठळक नंबर असला, की घाबरलेल्या मनाला लगेच करण्यासारखं काहीतरी मिळतं. म्हणून दुसरा पर्याय उजवा. मात्र तेच चित्र वर्षानुवर्षं राहिलं तर नजर सरावते. चित्रं दोन्हींत बदलत राहावीच लागतात.